शंभरातले सत्तावीस

पासो ओवेरो, ९ फेब्रुवारी १९९८

ही वही देलियाने दिली. तिच्या लोकरीच्या दुकानात पडून होती, कडा पिवळ्या झाल्यात, कोण विकत घेणार, तूच लिही म्हणाली. मला लिहायची हौस नाही. दिवसभर आकडेच लिहिते. पण मनात काही आलं की आजवर मी ते देलियाला सांगत आले, आणि आता जे मनात आहे ते तिच्याबद्दलच आहे. मग वहीच बरी.

तर, जानेवारीत देलियाचं, माझ्या बहिणीचं, पित्ताशय काढलं. खडे आहेत म्हणून काढलं. खड्यांच्या जोडीला दुसरंही निघालं. आमच्या भागात हा कॅन्सर बायकांना फार, तेव्हा नवल वाटायला नको होतं. वाटलं.

आज डॉक्टर इतुर्रिओसनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं की दिसलं तेवढं सगळं काढलंय, पण न दिसलेलं राहिलं असेल तर औषधाचे सहा फेरे घ्यावे लागतील. महिन्याला एक. औषध इथे नाही, ब्युनोस आयर्सला जाऊन राहावं लागेल. घ्यायलाच हवं का, असं देलियाने विचारलं तर साहेब माझ्याकडे वळले. "सुलेमा आहे की. या आजाराची आपली सगळी नोंद तिच्याकडेच आहे. घरातच सांगेल ती तुम्हाला." आणि उठले. शहाणा माणूस. सांगायचं ओझं माझ्या गळ्यात टाकून मोकळा झाला.

१२ फेब्रुवारी

एकोणीस वर्षं मी या हॉस्पिटलात हेच करते. धोबीघराला लागून माझी खोली आहे, भिंत कायम ओली. कोणाचं ऑपरेशन कधी झालं, कोण किती दिवस जगलं, याची नोंद ठेवायची आणि त्यातून रेषा काढायची. आज देलियासाठी काढली. ज्यांनी सहा फेरे घेतले असे चौदा जण आहेत आमच्याकडे. चौदा. एवढ्यावर मी एखाद्या शिकाऊ डॉक्टरला रेषा काढू दिली नसती.

दुपारी कागद घेऊन दुकानात गेले. ती इलॅस्टिक मोजत होती.

"सांग," म्हणाली, "पण मला कळेल असं."

"ही रेषा इथे वरून सुरू होते. इथे सगळे जिवंत. कोणी गेलं की एक पायरी खाली."

"आणि या बारीक उभ्या खुणा?"

"हे परगावी गेले, पुढे पत्ता लागला नाही. जिथपर्यंत जिवंत होते असं माहीत आहे तिथपर्यंत मोजले, मग सोडून दिले."

"सोडून दिले," ती म्हणाली. "बिचारे. आणि ही सपाट पायरी?"

"सव्वीस महिन्यांच्या पुढे रेषा खाली येत नाही. सहा वर्षांपर्यंत तशीच. शंभरातले सत्तावीस."

"आणि भोवतीचं हे राखाडी काय फासलंयस?"

"खरी रेषा या राखाडीत कुठेही असू शकते. माणसं थोडी आहेत ना. तीन ते एक्कावन्न."

तिने इलॅस्टिक खाली ठेवलं. "अगं, गिऱ्हाइकाने विचारलं स्वेटरला लोकर किती लागेल आणि मी सांगितलं तीन ते एक्कावन्न गुंडे, तर परत चढेल का ते दुकानाची पायरी? पूस ते. मला एक आकडा दे."

मी परत जाऊन राखाडी काढून टाकली आणि स्वच्छ कागद छापून आणला. पट्टा गेल्यावर रेषा फारच ठाम दिसायला लागली. औषध न घेतलेल्या एकोणतीस जणांचीही दाखवली. त्यातले निम्मे सात महिन्यांत गेले.

देलिया कागदाकडे थोडं आणि माझ्याकडे बराच वेळ बघत होती.

"तुला काय वाटतं? जाऊ?"

"आकडे म्हणतात जा."

"आकडे राहू दे. तुला काय वाटतं?"

"मलाही तेच वाटतं."

"बरं तर," म्हणाली, आणि कागदाची घडी करून गल्ल्यात टाकली. इतक्या लवकर पटेल असं वाटलं नव्हतं. मी तर भांडायच्या तयारीने गेले होते.

१५ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तिला सांगितली नाही. औषध घेतलेले चौदा जण म्हणजे सव्वीस तासांच्या बसमध्ये चढू शकणारे चौदा जण. उरलेल्या एकोणतिसातल्या कितीतरी जणांना खाटेवरून उठवत नव्हतं. म्हणजे दोन रेषांमधलं अंतर औषधाचं किती आणि आधीच धडधाकट असण्याचं किती, कोण सांगणार? दरवर्षी नव्या डॉक्टरांना मी हाच धडा शिकवते, आणि कोणी विसरला तर त्याला सगळ्यांदेखत झापते.

पण देलिया बसमध्ये चढू शकते. म्हणजे ती चौदांतलीच ना. मग काय बिघडलं?

३ मार्च

गेली. बसस्टँडवर वारा असा की बोलणंच ऐकू येईना. दुकानाची किल्ली दिली, कोणाला कुठला रंग काढून ठेवायचाय ते तीन वेळा सांगितलं. तिच्या मैत्रिणीबरोबर, बर्ताबरोबर, एप्रिलमध्ये तळ्यावर आठ दिवस राहायला जायचं दोघींनी दोन वर्षांपासून ठरवलं होतं. बर्ताही आली होती आणि उगाच रडत होती. मी म्हटलं, तळं काही पळून जात नाही, पुढच्या वर्षी जा. देलिया म्हणाली, "हो, बरोबर आहे तिचं." बर्ता माझ्याशी न बोलताच गेली. कायमचीच तिरसट बाई.

१९ मार्च

मार्चमध्ये आमची यादी रेडिओवर जाते. मेसेतावर, म्हणजे वरच्या उजाड पठारावर, फोन नाहीत, टपाल असून नसल्यासारखं. दुपारी साडेबाराला रेडिओवर रानातल्या लोकांचे निरोप वाचतात: अमक्याची मुलगी सुखरूप बाळंत झाली, तमक्याचा घोडा चौकीपाशी सापडला. त्यातच आमचे: लगुना सेकाच्या सेन्योरा रोसेन्दा हुएनेलाफ यांनी तब्येतीची खबर हॉस्पिटलला कळवावी. मग कोणी ट्रकवाल्याबरोबर चिठ्ठी धाडतं, कोणी चौकीवर सांगतं, आणि एल्विओ पूघ आपल्या फेरीत त्या सगळ्या गोळा करून आणतो. एल्विओ आमचा फिरता आरोग्यसेवक, मेसेतावरचं प्रत्येक घर त्याला पाठ.

आज ऐकताना मी रेडिओचा आवाज दोनदा वाढवला. रोसेन्दा माझ्या यादीत नववी. चौदांपैकी सव्वीस महिन्यांनंतर तिघंच उरले, त्यातल्या दोघांचा पुढे पत्ता नाही, दुसऱ्याचा तीन वर्षं चार महिन्यांवर सुटला. तेव्हा तीन वर्षं चार महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची सगळी सपाट रेषा या एकट्या बाईच्या जिवावर उभी आहे. मी तिला पाहिलेलंही नाही.

२८ मार्च

एल्विओने चिठ्ठ्या आणल्या. रोसेन्दाची: "सगळं ठीक. काळजी नसावी." दरवर्षीचंच वेडंवाकडं अक्षर. खूप बरं वाटलं, रडूच आलं. एल्विओने विचारलं काय झालं. म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. "आत बसून?" म्हणाला.

५ एप्रिल

रविवारी देलिया राहते त्या खानावळीतून फोन करते. दुसरा फेरा झाला. तोंडाला चव नाही, पाणीही लोखंडासारखं लागतं. केस जायला लागले. हे सगळं घाईघाईत सांगून विचारते, "तू जेवतेस ना? आणि दुकानात थंडी वाजते, शेगडी पेटवत जा." मी म्हटलं, सहा वर्षं जगलेली एक बाई आहे, तिचीच चिठ्ठी आलीय. तू पण यायचंस त्या सत्ताविसांत.

"तुझी इच्छा आहे ना, मग येईन," म्हणाली. आवाज दमलेला होता, पण मन खंबीर आहे तिचं.

३ मे

तिसरा फेरा. दहा किलो वजन उतरलं. मी दिवसभर रेषेकडे बघत बसते, जणू तिच्यातून काही निघणार आहे. रोसेन्दाने हे कसं सोसलं? काय खायची, उलट्या कशाने थांबल्या? विचारायला काय हरकत आहे? जिवंत माणूस आहे, जाऊन विचारावं. एल्विओ शनिवारी लगुना सेकाच्या बाजूला जातोय. त्याला म्हटलं, मी येते.

त्याने गाडीच्या किल्ल्या खिशात टाकल्या. मग म्हणाला, "रस्ता वाईट आहे, सेन्योरा." म्हटलं, माझी कंबर तुझ्यापेक्षा चांगली आहे.

९ मे

पाच तास.

घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या आणि मेंढ्यांचं कुंपण. रोसेन्दाची आई, जिला सगळे मानाने दोन्या दोमिंगा म्हणतात, ऐंशीच्या पुढची. तिने मातेचा कडू चहा केला, तळलेल्या रोट्या पुढे ठेवल्या, मेंढ्यांची विचारपूस करून घेतली, म्हणजे मी तिच्या मेंढ्यांची करावी म्हणून थांबली. मी केली. मग विचारलं, रोसेन्दा कुठे आहे?

"मागे," म्हणाली.

मला वाटलं मेंढ्यांपाशी असेल. मी उठले. एल्विओने टोपी काढली.

मागे दगडांची रास, लाकडी क्रूस आणि पत्र्याच्या डब्यात कागदी फुलं. तारीख रंगवलेली होती. मी उभ्या उभ्या हिशेब केला, दुसरं काही सुचेना. ऑपरेशननंतर अठ्ठावीस महिने.

आत येऊन विचारलं, "दोन्या दोमिंगा, मग चिठ्ठ्या कोण पाठवतं?"

"मी सांगते, चौकीवरचा शिपाई लिहितो. दर वर्षी."

"पण ती तर गेली."

"हो की. चार वर्षं होतील." तिने माझा माते पुन्हा भरला. "पहिल्या वर्षी निरोप आला तेव्हा मी इथेच बसले होते. रेडिओत तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि पुढे 'सेन्योरा' लावून. जिवंतपणी तिला कोणी सेन्योरा म्हटलं नाही. मेली असं कळवलं असतं, तर तुम्ही पुढच्या वर्षी नाव घेतलं असतं का?"

"नाही. यादीतून काढतो."

"मग?" म्हणाली. अगदी शांतपणे, आपलं बरोबर आहे अशा खात्रीने. आणि होतंच तिचं बरोबर.

परतताना मी एल्विओवर भडकले. तुला माहीत होतं.

"सगळ्या मेसेताला माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही यादी कशाला करता ते आम्हाला कोणी सांगितलंय? मला वाटायचं, हॉस्पिटल माणसांची आठवण ठेवतं. चांगली गोष्ट आहे. म्हातारी त्या दिवशी स्वच्छ कपडे घालून बसते रेडिओपाशी. मी कशाला बोलू?"

"त्या चिठ्ठ्यांवर मी माझ्या बहिणीला पाठवलंय, एल्विओ."

त्याने गाडी थांबवली. पुन्हा सुरू केली.

११ मे

पुन्हा रेषा काढली. रोसेन्दाला अठ्ठाविसाव्या महिन्यात खाली उतरवलं. सत्तावीसचे अठरा झाले. रेषा तीन वर्षं चार महिन्यांवर संपते, पुढे कोणीच नाही, कोरा कागद. राखाडी पट्टा वर एकोणचाळीसपर्यंत जातो आणि खाली शून्याच्याही खाली, उणे चारवर. सूत्र म्हणतंय की शंभरातले उणे चार जण जिवंत असू शकतात. इतक्या थोड्या माणसांवर सूत्र असं बरळतं, हे पुस्तकात आहे, मला पाठ आहे. तरी ते उणे मी तीनदा पुन्हा मोजलं.

आणि बाकीच्यांचं काय? "सगळं ठीक" अशा किती चिठ्ठ्यांवर मी डोळे मिटून जिवंत लिहिलंय?

१३ मे

इतुर्रिओसना दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला. "एका बाईने एवढा काय फरक पडतो?"

"रेषेच्या शेवटच्या अडीच वर्षांत ती एकटीच होती, डॉक्टर."

"औषध तर आपण तरीही देणारच. दुसरं आहे काय आपल्याकडे?" मग हळू आवाजात म्हणाले, "देलियाला आत्ता सांगू नकोस. अर्ध्यावर आहे ती. आशा काढून घेऊन काय मिळणार?"

मला तेच ऐकायचं होतं. म्हणून लगेच पटलं. स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

३१ मे

फोन. चौथा फेरा झाला. बोटं बधिर झालीत म्हणाली, टाके विणता येत नाहीत, सुई हातात आहे की नाही तेही कळत नाही. "माझी बोटं, सुली," एवढं म्हणून थांबली. तिचं आयुष्य त्या बोटांवर गेलं.

मी म्हटलं, दोनच राहिले.

"तू म्हणशील तितके घेते."

फोन ठेवल्यावर मी दुकानात तशीच उभी राहिले. एक बाई लाल लोकर मागत होती, तिला निळी दिली.

७ जून

फोन आला नाही. खानावळीत केला तर मालकीण म्हणाली, झोपलीय, दिवसभर झोपूनच असते, तुमचा फोन असला की मात्र तोंड धुऊन येते. म्हणे, बहिणीला आवाज बरा वाटला पाहिजे.

हे वाक्य चार दिवस डोक्यातून जाणार नाही. काय करू? सांगितलं तर धीर सुटेल. नाही सांगितलं तर खोट्या आकड्यावर विष घेतेय, आणि ते मी देतेय. औषध खरंच काम करत असेल तर? नसेल तर? मी एकोणीस वर्षं अनिश्चितता मोजते, तिचं मोजमाप सूत्राने सांगू शकते, आणि एका माणसाला काय सांगावं हे मला कळत नाही.

११ जून

तिकीट काढलं. सांगायला जाते की नुसतं बघायला, ठाऊक नाही.

१३ जून, ब्युनोस आयर्स

खोलीत एक खाट, एक खुर्ची, खिडकीबाहेर दुसऱ्या घराची भिंत. मी दारात उभी राहिले आणि ओळखायला क्षणभर वेळ लागला. तिला ते दिसलं. "ये," म्हणाली, "मीच आहे."

वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. खुर्चीवर बसले, कोटही काढला नाही, आणि एका दमात बोलून टाकलं. रोसेन्दा, तिची आई, रेडिओ, दगडांची रास. राखाडी पट्टा मी तुझ्यासाठी पुसला, पुसायला नको होता. सत्तावीस नव्हतेच. अठरा आहेत, आणि अठराही धड नाहीत. ती दुसरी रेषा, औषध न घेतलेल्यांची, ती तर आधीपासूनच आजारी असलेल्यांची होती, ते मला तेव्हाही माहीत होतं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ऐकत होती, आणि मध्येच विचारलं, "म्हातारीचं नाव काय?" मी सांगितलं. "दोमिंगा," ती म्हणाली. "ती एकटीच असते का तिथे?" मी म्हटलं, मेंढ्या आहेत.

शेजारच्या खोलीत कोणीतरी रेडिओ लावला होता.

"म्हणजे, सुली, मी पुढचे दोन घेतले नाहीत तर चुकलं असं म्हणता येणार नाही?"

"मला माहीत नाही, देलिया. घेतले तर बरं की नाही घेतले तर, मला खरंच माहीत नाही. कोणालाच नाही."

"तुलाही नाही?"

"मलाही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने खाटेवरून पाय खाली सोडले. "मग मी घरी येऊ?"

माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे ती. आई गेल्यापासून तिने मला वाढवलं, शिकवलं, आणि आजवर कुठल्याच गोष्टीला माझी परवानगी मागितली नाही. मी मान डोलावली. तोवर तिने खाटेखालून बूट ओढून एक पायात घातलाही होता. नाडी बांधायला लागली, पण बोटांना नाडी सापडेना. मी खाली बसून ती बांधायला घेतली.

"कधीपासून यायचं होतं तुला?" वर न बघताच विचारलं.

"यायचं कुठलं. मला जायचंच नव्हतं," देलिया म्हणाली. "पण तू तो कागद घेऊन दुकानात आलीस ना, तेव्हा तुझा चेहरा इतका घाबरला होता."

मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.